मला कुणी चक्रम म्हणेना

३ जानेवारी, शुक्रवार
सोसायटीच्या फाटकावर नवी पाटी — 'येथे गाडी लावणारा चक्रम समजण्यात येईल.' झालं! 'खटपटे मंडळी' या टीव्ही मालिकेतल्या सासूचा शब्द कर्वेनगरात कायदा झाला. पिशवी विसरलेल्या गिऱ्हाइकाला भाजीवाली चक्रम म्हणते. कॉलेजात आम्ही प्राध्यापक मंडळी प्राचार्यांनासुद्धा म्हणतो — पाठीमागे, अर्थात.
मला मात्र कुणी म्हणत नाही.

४ जानेवारी
पहिल्याच भागात मालिकेतल्या सुनेने चहात साखरेऐवजी मीठ घातलं. तेव्हापासून सासू तिला उठता-बसता चक्रम म्हणते, आणि आम्ही दोघी सासवा-सुना सोफ्यावर बसून खिदळतो. माझा नवरा विक्रम गेल्यापासून घरात हसणं तेवढंच. मग टीव्ही बंद होतो आणि आई विचारतात, "तुमी जेवता का आता?"
सुनेला तुमी! लग्नातच म्हणाल्या होत्या — शिकल्याली पोर, तिला अगंतुगं कसं करू? मीही 'अहो आई'च म्हणत राहिले. हा मान मला टोचतो.

८ जानेवारी
येत्या शुक्रवारी मालिका संपतेय. भाजीवालीला सुतक पडल्यासारखं झालंय.
आई म्हणाल्या, "आता म्या बी गावाकडं, मांजरीला जाते. ल्योक न्हाई, तुमच्यावर भार कशापायी?"
भार! मला तरी दुसरं कोण आहे? पण हे तोंडातून निघेना.

१० जानेवारी
शेवटचा भाग. दोघी रडलो — वेगवेगळ्या खोल्यांत.

१२ जानेवारी, रविवार
आईंचे दीर, गेनबाकाका, न्यायला आले. पिशवी दाराशी. मी चहा टाकला आणि साखरेऐवजी मीठ घातलं. मुद्दाम!
काकांनी घोट घेतला. डोळे मिटले. "ब्येस हाय," म्हणाले. शिकलेल्या सुनेचा चहा ना! बिचाऱ्यांनी दुसराही घोट घेतला.
आईंनी कप ओठाला लावला नि — "चक्रम! मीठ घातलंस की गं!"
घातलंस! गं!
मी ओट्याला टेकून ढसाढसा रडले. काका कपात बघत बसले. जरा वेळाने आई म्हणाल्या, "भाऊजी, तुमी व्हा म्होरं. हिला एकलीला ठिवून कसं यायचं?"

१३ जानेवारी
आज चहा आईने केला. कप हातात देत म्हणाली, "मिठाची बरणी काढलीस तवाच बघितलं व्हतं म्या. म्हटलं, घालू दे पोरीला."
"अगं आई—" एवढंच बोलता आलं मला.