मागची ओळ

बाबा, ती बोलली.

मंगळवारी सकाळी बोलली, आणि तेव्हापासून हे कुणाला तरी सांगावं असं वाटत होतं. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "अरे वा, झकास," आणि त्याचं दुसरं काम निघालं. त्याचं काही चुकलं नाही, त्याला यातलं अर्धंच ठाऊक. सगळं ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि त्याला जाऊन आता इतकी वर्षं झाली की भिंतीवरच्या फोटोतल्या तुमच्यापेक्षा मीच म्हातारा दिसतो. म्हणून तुम्हांलाच लिहायला बसलोय.

ती म्हणजे माझ्याबरोबर रेडिओवर होती ती. तुम्ही तिला नेहमी 'बुवा' म्हणायचात. अंधेरीच्या त्या रेडिओवाल्यांनी मला घेतलं, त्या दिवशी मी भांडुपच्या आपल्या खोलीत धापा टाकत आलो होतो. टेकडीच्या पायऱ्या मी तेव्हा एका दमात चढायचो. तुम्ही खाली चटईवर बसून झांजेची दोरी बदलत होतात. मी सांगितलं, सकाळच्या कार्यक्रमात बातम्या वाचायच्या, आणि मुख्य बोलणारी एक बाई आहे, तिच्या शेजारी बसून मधूनमधून साथ द्यायची. तुम्ही दोरीला गाठ मारली, ओढून बघितली आणि म्हणालात, "म्हंजे ती बुवा आणि तू झांजेवर." माझं तोंड उतरलं. मला वाटलं होतं, तुम्ही चाळभर सांगत सुटाल. तुम्ही तर मला तुमच्याच जागेवर नेऊन बसवलंत. तुमची गिरणी चालू होती तेव्हा आणि बंद पडली तेव्हाही तुम्ही भजनात कोरसमध्येच होतात. बुवा पेटीवर, पखवाजवाला त्याच्या उजव्या हाताला, आणि तुम्ही मागे, डोळे अर्धे मिटून. लहानपणी मला त्याचा राग यायचा. तुमचा आवाज बुवापेक्षा चांगला होता, हे मला शपथेवर सांगता आलं असतं.

वाचायची सवय मात्र तुमच्यामुळेच लागली. गावाहून पत्र आलं की तुम्ही ते माझ्या हातात द्यायचात आणि समोर बसायचात, शेजारचे दोघेतिघेही यायचे. म्हैस व्यायली, पडवीचं छप्पर गेलं, आत्याचं लग्न ठरलं. मी उभा राहून वाचायचो, शाळेत कविता म्हणतात तसा. शाळेतल्या कविता माझ्या डोक्यात तेव्हाही होत्या, आताही आहेत. नाहूरच्या या घरात पहाटे जाग आली की छताकडे बघत मी त्या म्हणत पडतो. कडवीच्या कडवी येतात, मध्येच एखादी ओळ गळते, मग मी तिची वाट बघतो. ती येते. कुठे जाणार? रेडिओवरही तो सूर सुटला नाही. पाणीकपातीची बातमी मी अशी वाचायचो की जणू नदीकाठी उभा आहे. तेव्हा ती म्हणायची, "अहो बातमीवाले, ही बातमी आहे की पाठांतर?" आणि अख्खं मुंबई उपनगर हसायचं. माइक बंद झाला की तीच, "अरे, रागावलास की काय? खा, ही चकली खा." माइकवर अहो, माइक बंद झाला की अरे. इतकी वर्षं तसंच चाललं.

सुरुवातीला मी फार बोलायचो. तिचं वाक्य संपायच्या आत माझा विनोद तयार असायचा. तुम्ही स्वयंपाकघरात चहाचा टोप चुलीवर ठेवून, ट्रान्झिस्टर फडताळावर ठेवून ऐकायचात. एका संध्याकाळी मी घरी आलो तर आईने ताट वाढलं, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मधी मधी भारी बोलतंस तू. बुवाच्या तोंडातलो घास काढू नको." मला झोंबलं. मी म्हटलं, बाबा, हे भजन नाही. तुम्ही म्हणालात, "मगे काय आसा?" दुसऱ्या दिवसापासून मी थांबायला लागलो. तिचं बोलणं संपू द्यायचं, एक श्वास जाऊ द्यायचा, मग 'हो का?' किंवा 'मग?' किंवा नुसतं 'हं'. त्या 'हं'बद्दल श्रोत्यांची पत्रं यायला लागली. घाटकोपरला एका दुकानात आवाजावरून एका बाईंनी मला ओळखलं आणि विचारलं, "तुम्ही ते दुसरे ना?" मी घरी येऊन कुरकुरलो, तेव्हा तुम्ही कपबशी खाली ठेवलीत. "दुसरो नसलो तर पयल्याक पयलो कोण म्हणतलो?"

आणि तुम्ही शिकवलेली ती एक गोष्ट. बुवाला भर भजनात शब्द आठवला नाही तर कोरसने काय करायचं. "घाबराचा नाय. मागची ओळ धरून ऱ्हवाची. परत म्हणाची, परत म्हणाची. लोकांका वाटता बुवा रंगलो. तवसर बुवाक आठावता." तुम्ही हे सांगितलंत तेव्हा मी शाळेत होतो आणि ऐकतोय असं दाखवत नव्हतो.

आमचा कार्यक्रम रोज एकाच पद्धतीने सुरू व्हायचा, तुम्हांला तर तो पाठच होता. मी म्हणायचो, "नमस्कार, सकाळ झाली." ती म्हणायची, "काय बातमीवाले, काय म्हणतंय जग?" मी म्हणायचो, "जग उठलंय, तोंड धुतंय." मग बातम्या. एका सकाळी ती तिच्या नवऱ्याला इस्पितळात ठेवून थेट आली होती. मी म्हटलं, आज नको, मी एकटा निभावतो. ती म्हणाली, "गप रे, घरी बसून काय करू?" लाल दिवा लागला, मी नमस्कार म्हटलं, तिने तोंड उघडलं आणि त्यातून काही आलंच नाही. नुसतं 'काय' आलं आणि थांबलं. रेडिओवर शांतता फार मोठी असते, बाबा, ती घराघरात जाते. मी तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा म्हटलं, "सकाळ झाली." मग म्हटलं, "बोरिवलीला झाली. अंधेरीला झाली. घाटकोपरला होतेय. मुलुंडला झाली, पण मुलुंड मानायला तयार नाही. नाहूरला अजून दूध यायचंय." असा मी सकाळ धरून बसलो, स्टेशनामागून स्टेशन. तिने डोळे पुसले, हसली, आणि आपली ओळ म्हटली. ऐकणाऱ्यांना वाटलं, आज काही नवीनच काढलंय यांनी. पुढे आठवडाभर तेच पुन्हा करा म्हणून फोन येत होते. तिचा नवरा बरा झाला. आणि त्या संध्याकाळी तुम्ही दारातच उभे होतात. मी शेवटची पायरी चढलो तेव्हा म्हणालात, "आज ओळ धरलंस." मी खूश होऊन चपला काढतोय तोवर पुढचं आलं, "पण भांडुप खंय गेला?"

मी हे तिला सांगितलं, आणि मग तिने मला कधी सोडलं नाही. रोज माझं 'जग उठलंय' म्हणून झालं की ती विचारायची, "आणि भांडुप?" मी म्हणायचो, "भांडुप कधीच उठलंय." आई सांगायची, तेवढं ऐकलं की तुम्ही ट्रान्झिस्टर बंद करायचात. बातम्या ऐकायला थांबायचा नाहीत. मी त्या इतक्या मन लावून वाचायचो.

तुम्ही गेलात. पुढे कार्यक्रमही बंद झाला, आमच्या जागी नवी मुलं आली. छान बोलतात, भराभर बोलतात. आम्ही आपापल्या घरी गेलो. मग मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलणं गेलं. जिच्या बोलण्यावर अर्धं शहर चहा उकळायचं, ती पाण्याचा पेला दाखवून 'तो, तो' करायची आणि पेला हा शब्द न सापडून डोळ्यांत पाणी आणायची. तिची मुलगी मला म्हणाली, "काका, आईला सगळं समजतं. नुसतं दार उघडत नाहीये." बोलायला शिकवणारी एक तरुण डॉक्टर येते, तिने सांगितलं, जे तोंडात पक्कं बसलंय तेच आधी परत येतं. गाणी, प्रार्थना, रोजची वाक्यं. प्रार्थना तिने कधी केली नाही, गाणी तिला येत नव्हती. उरली रोजची वाक्यं, म्हणजे मी.

तेव्हापासून मी सकाळी नाहूरहून रिक्षाने मुलुंडला तिच्या घरी जातो. ती खिडकीजवळ बसलेली असते. मुलगी चहा ठेवते. मी पेपर उघडतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, "नमस्कार, सकाळ झाली." मग थांबतो. घास काढत नाही. ती ओठ हलवते, 'का' येतं, कधी तेही येत नाही. मी पुन्हा म्हणतो, सकाळ झाली. बोरिवलीला झाली, अंधेरीला झाली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळीचा कंदील तिच्या खिडकीत लागला आणि उतरला. मुलगी एकदा जिन्यात म्हणाली, "काका, तुम्ही दमत असाल हो. नाही आलात एखादा दिवस तरी चालेल." मी म्हटलं, अगं, माझं कामच हे आहे. पण रिक्षात बसल्यावर मनात यायचं, बाबा, बुवाला शब्द आठवलाच नाही तर कोरसने कुठवर म्हणत राहायचं? हे तुम्ही सांगितलं नव्हतं.

मंगळवारी मी नमस्कार म्हटलं, सकाळ झाली म्हटलं आणि बिस्किट चहात बुडवलं. आणि ती म्हणाली, "काय बातमीवाले, काय म्हणतंय जग?"

सगळं. एका श्वासात. थोडं जड, पण तोच चढ, तोच 'काय'. स्वयंपाकघरात तिच्या मुलीच्या हातातली भांडी थांबली. आणि मी, बाबा, मी गप्प. बिस्किट चहात पडलं. पुढची ओळ माझी होती, हजारदा म्हटलेली, ती कुठे गेली कोण जाणे. मी तिच्याकडे बघतोय, तोंड उघडं, आणि त्यातून काही येत नाही. तिने वाट बघितली. मग पुन्हा म्हणाली, "काय म्हणतंय जग?" मी गप्पच. तिने पुन्हा म्हटलं, जरा सावकाश, जसं चुकणाऱ्या मुलाला म्हणतात, "काय म्हणतंय जग?" आणि मग, एकेक अक्षर हाताने शोधत, "आणि... भांडुप?"

तेव्हा मला आठवलं.

तिच्या तोंडात आता रोज नवा शब्द येतोय. पेला आला, खिडकी आली, काल मला 'गप रे' म्हणाली. डॉक्टर म्हणते, वेळ लागेल, पण दार उघडलंय. मी काल कितीतरी दिवसांनी दुपारी गाढ झोपलो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. टाकलं असतं तरी तुम्ही ते माझ्याच हातात दिलं असतंत, वाच म्हणून. तेव्हा आत्ताच मोठ्याने वाचून झालंय, उभं राहून. आणि एक सांगायचं राहिलं. मुलुंडच्या त्या खोलीत मी ओळ विसरलो आणि तिने ती माझ्यासाठी धरली, तेव्हा मला कळलं की पुढे बसलेल्या बुवाला मागचा कोरस कसा ऐकू येतो. बाबा, फार बरं वाटतं.