आवां युध्यावहे

गुरुजी, तक्रार गंभीर आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी महिनाभर वाढदिवसाचा एक फ्लेक्स होता, आणि त्यावर शुभेच्छा ‘हार्दीक’ होत्या. दीर्घ. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, नाहीतर लाल शाई घेऊन शिडीवर चढला असतात. कुणीतरी फाडावा तो, असं मी घरात रोज म्हणायचो. मग तो फाटला. फाडणाऱ्यांत माझा मुलगा होता, व्याकरणासाठी नव्हे. फ्लेक्स दुसऱ्या ग्रुपचा होता, एवढं पुरलं. त्याच संध्याकाळी तलावावर दोन्ही ग्रुप भिडले आणि ज्याचा वाढदिवस होता त्याच्या डोक्याला टाके पडले.

त्या मुलाचा बाप तुम्हाला आठवेल. आठवीत, संस्कृतच्या तासाला, मी आणि तो बाकावरून मारामारी करतोय आणि तुम्ही दोघांना फळ्यापाशी उभं करता. “भांडा, माझी ना नाही. आधी युध् धातू चालवा. उत्तम पुरुष, द्विवचन, दोघांनी एका सुरात.” तो म्हणतो, “गुरुजी, आमाला नाय जमत.” “मग भांडण बरं जमतं? आवां युध्यावहे. आम्ही दोघे लढतो. लढण्याआधी ‘आम्ही दोघे’ म्हणावं लागतं, गाढवांनो.” चौथ्यांदा म्हणताना आम्हाला हसू फुटतं.

काल मुलाला घेऊन त्याच्याकडे गेलो. ओरडला नाही. “केस नाय केली. पोरंच हायत. पन थांबवायचं कसं, तू सांग, तू शिकलेला.” मी तुमचाच उपाय केला, दोघांना समोरासमोर बसवलं. माझा म्हणाला, “सॉरी, भावा.” त्याचा म्हणाला, “चालतंय, भावा.” हात मिळवले, चहा झाला. बाप बिचारा खूश.

परतताना विचारलं, मिटलं ना? “आमचं दोघांचं काही नव्हतंच, बाबा. ग्रुपचं आहे. ते ग्रुप बघेल.”

द्विवचन मराठीत नाहीच, हे तुम्ही हळहळून सांगायचात. तेव्हा मला ती तुमची हौस वाटायची.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? ही म्हणते, ती पोरं याला गाठून मारतील. मी मान डोलावतो. पण त्या संध्याकाळी हा घरी आला, हात धुतले, पोटभर जेवला, वर भात मागून घेतला. मला भीती याची वाटते, गुरुजी. हिला अजून सांगितलेलं नाही.