मूळ आवाजाच्या फायली कोणी उघडायच्या

मी, या ध्वनिमुद्रण संस्थेचा संस्थापक व एकमेव मालक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र करीत आहे. माझ्यावर दबाव आणणारा अजून जन्माला यायचा आहे, डॉक्टरांना विचारा.

लिफ्टमध्ये 'कृपया दार बंद करा' म्हणणारा आवाज माझ्या दिवंगत पत्नीचा आहे. घसा बसला तरी मी तिच्याकडून वाक्ये म्हणवून घेतली. काम म्हणजे काम. शेवटी ती लेकीला घेऊन निघून गेली. पुढे ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला, मग तीही गेली. आवाज कराराप्रमाणे संस्थेकडे राहिला.

१. राहते घर पुतण्याला. तो आवडतो म्हणून नव्हे, लेकीला मिळू नये म्हणून.

२. संस्थेच्या फायलींना यापुढे दोन पासवर्ड असतील: एक वकिलांकडे, एक लेकीकडे. एकट्याने कोणी काही उघडू नये. कॉपी बाहेर देऊ नये. लेकीने पासवर्ड जपावा. ऐकण्याचा अधिकार तिला नाही.

३. पत्नीच्या ध्वनिमुद्रणात वाक्यांच्या मधे जे आहे, म्हणजे खोकला, हसणे, गप्पा, ते कायमचे पुसावे. पुसताना लेकीने समोर बसून सही करावी. नकार दिल्यास संस्था बंद करून सगळ्यांना घरी पाठवावे, आणि कोणामुळे तेही सांगावे.

आई गेल्यावर लेक दारात उभी होती. "बाबा, घरात तिचा आवाज कुठेच नाही हो. नुसतं हसणं तरी द्या."

"लिफ्टमध्ये जाऊन ऐक," मी म्हणालो आणि दार लावून घेतले.

४. माझी हत्यारे, म्हणजे मायक्रोफोन, हेडफोन वगैरे, आमच्या ध्वनिमुद्रकाला. माणूस विश्वासू.

(कलम ४ रद्द. कारण खाली.)

साक्षीदार म्हणून ध्वनिमुद्रकाला बोलावून वरील मजकूर वाचून दाखवला. त्याने पेन खाली ठेवले.

"साहेब, ते हसणं ताईंकडे कधीच पोचलंय. मीच दिलं."

"कोणाच्या परवानगीने?"

"तेव्हा नियम कुठे होता? तो तर तुम्ही आज केलात."

त्याला तिथल्या तिथे कामावरून काढले. तो उठला तेव्हा मी विचारले, "ऐकते का ती?"

"मुलांनाही ऐकवतात. त्या आवाजाला आजी म्हणून ओळखतात ती."

"आणि आजोबा?"

"ताईंनी सांगितलंय, ते आधीच गेले."

बाकी मजकूर कायम.

ठिकाण: संस्थेची ध्वनिमुद्रण खोली
दिनांक: १२ मार्च

मृत्युपत्र करणार: (सही)
साक्षीदार: १. माझे डॉक्टर (सही) २. माझे वकील (सही)