केटलला उदंड आयुष्य लाभो

क्लुज, १० डिसेंबर

प्रिय त्रायानदादा,

नमस्कार. तू आणि हेझलवहिनी खुशाल आहात असं धरून चालते. कळवायची तुला सवय नाही आणि विचारायची मी सोडून दिली आहे. वहिनीच्या पायांवरची सूज उतरली का, हे आईनं तीनदा विचारायला सांगितलंय. मी एकदाच विचारते, तीनदा विचारलं असं समज. माझी तब्येत ठीक आहे. कारखान्यात नवी यंत्रं आली आहेत, ती सुरू करून द्यायचं काम माझ्याकडे आहे, आणि खरं सांगायचं तर हे पत्र लिहायला मला वेळ नाही. तरी लिहिते, कारण फोनवर तू नुसतं 'हो हो' म्हणतोस आणि दुसऱ्या दिवशी काय ठरलं ते तुला आठवत नाही. लिहिलेला कागद निदान पुन्हा वाचता येतो. (तो भलत्याच जागीही जाऊ शकतो, हे मला गेल्या महिन्यात कळलं. पत्र त्याबद्दलच आहे.)

मुळात दोष तुझा, हे आधी नोंदवून ठेवते. सप्टेंबरात तू आईला म्हणालास, बाळंतपणाला ये, इंग्रजीची काळजी करू नकोस, मी शब्दांची यादी करून पाठवतो. पाठवलंस काय, तर अकराशे पानांचा इंग्रजी-रुमानियन शब्दकोश. आईला पुस्तक मधूनच उघडायची सवय नाही. तिनं तो पहिल्या पानापासून वाचायला घेतला आणि रोज रात्रीची भांडी आटोपली की दोन ओळी पाठ करायला लागली. पंधरा दिवसांनी मी गावी गेले तेव्हा तिला मठ, मठाधिपती, मठाधिपतीण आणि कत्तलखाना, एवढं 'ए-बी'नं सुरू होणारं इंग्रजी अस्खलित येत होतं. या भांडवलावर ती लेस्टरला येऊन तुझ्या बायकोचं बाळंतपण करणार होती. तुला यात हसण्यासारखं काही वाटत असेल तर ते तुझ्यापाशीच ठेव.

म्हणून यादी मी केली. (माझा या प्रवासाशी तसा काही संबंध नाही. आई जाणार, तू बोलावणार, तिकीट तू काढणार. मी फक्त यादी केली.) नवजात बाळ असलेल्या घरात सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत काय काय लागतं, ते तासातासानं मांडलं आणि शब्द निवडले. एकशे चौसष्ट भरले. प्रत्येकाचा एकच अर्थ दिला, तोही स्वयंपाकघरात उपयोगी पडेल असा. इंग्रजी स्पेलिंग बघून आईला वाचता यायचं नाही, म्हणून इंग्रजी शब्द जसा उच्चारतात तसाच रुमानियन स्पेलिंगनं लिहिला. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रुमानियन. छापून आणते म्हटलं तर नको म्हणाली; छापलेलं अक्षर तिला विजेच्या बिलासारखं वाटतं आणि वाचल्याबरोबर विसरायला होतं. तेव्हा चार पानं मी हातानं, सुवाच्य अक्षरात लिहिली. शेजारच्या पारास्कीवामावशीनं ती तपासली, कारण तिनं केंटमध्ये दोन उन्हाळे स्ट्रॉबेरी तोडली आहे. "पोरी, मला शिकवू नकोस, मी तिथं राहून आलेय," असं म्हणून तिनं एकूणएक उच्चार चूक ठरवले. तिच्या शेतावर सगळे आपल्याच जिल्ह्यातले होते आणि मुकादम बल्गेरियन होता. तिला इंग्रजीचे सहा शब्द येतात, त्यांतले चार फादरसमोर म्हणता येत नाहीत.

यादीवर मी शीर्षक घातलं नाही. रकाने दोनच होते आणि कुठला कशाचा हे बघणाऱ्याला दिसतंच, असं मला वाटलं. ही माझी चूक. मी ती मान्य करते. बाकीच्या चुका ज्यांच्या त्यांनी वाटून घ्याव्यात.

नाताळाचा उपास लागायच्या आदल्या संध्याकाळी आईनं दरवर्षीप्रमाणे चर्चमध्ये पाव, वाइन, मेणबत्ती आणि नावांचा कागद नेऊन दिला. तुला आठवत असेल (नसेल तर लाज वाटू दे): हातानं लिहिलेला कागद, डाव्या रकान्यात घरातले जिवंत, उजव्या रकान्यात गेलेले, आणि मग चाळीस दिवस प्रत्येक प्रार्थनेला ती नावं देवापुढं वाचली जातात. आपला कागद आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात असतो. माझी यादीही, पाठ करायला सोपी म्हणून, तिनं त्याच पुस्तकात ठेवली होती. पुढचं तू ओळखलं असशील. ओळखलं नसशील तर तिकडच्या कारखान्यात तुला माल मोजायच्या जागेवर कोणी ठेवलं, हे मला समजून घ्यायला आवडेल.

उपासाच्या दिवसांत कागदांचा ढीग पडतो, म्हणून फादर सिल्व्हिउ जिवंतांचा रकाना वाचतात आणि त्याच वेळी म्हातारा ग्रिगोरे, जो चर्चमध्ये भजनं म्हणतो, तो मृतांचा. पहिल्या रविवारी आई बायकांच्या बाजूला उभी होती. फादरनी चर्चच्या आठव्या चालीत आरोग्य आणि दीर्घायुष्य मागायला सुरुवात केली, केटलसाठी. मग ब्लँकेट, नॅपी, बकेट, पिलो यांच्यासाठी. आईनं बाकीच्यांबरोबर क्रूस केला. नॅपीला दुसऱ्यांदा केला. तिसऱ्याला तिचा हात कपाळाशीच थांबला. तेवढ्यात पलीकडून ग्रिगोरे मृतात्म्यांना शांती मागत होता: बादली, उशी, चमचा, दुपटं. आणि एकशे एकतिसाव्या ओळीला त्यानं, दम घेऊन, स्पष्ट, म्हटलं: आजी.

त्या क्षणी पारास्कीवामावशीनं वळून आईकडं बघितलं. बघायची काही गरज नव्हती.

सोमवारी सकाळी आईचा मला कारखान्यात फोन. ती इंग्लंडला जाणार नाही. भरलेली बॅग रिकामी केली, वांग्या-मिरच्यांच्या झाकुस्काच्या बरण्या परत तळघरात ठेवल्या. मी विचारलं, का. ती म्हणाली, "सोरा, डाव्या बाजूला आजी जिवंत आहे, उजव्या बाजूला मेली आहे. इंग्रजीत जिवंत, आपल्या भाषेत मेलेली. देवानं याहून सोपं करून काय सांगायचं? गेले की मी इथली उरत नाही." मी तिला सांगितलं की हा कागदाच्या अदलाबदलीचा परिणाम आहे, दोन सारखे कागद एका पुस्तकात ठेवले की निम्म्या वेळा हेच होणार. ती म्हणाली, "मग निम्म्या वेळा झालं नसतं. झालंय ना?" या युक्तिवादाला उत्तर आहे, पण ते कामाच्या वेळेत फोनवर देता येत नाही.

दादा, मी दोन दिवसांची रजा काढली. नवं यंत्र अर्धवट सोडून, एका सहीच्या शब्दकोशापायी (तुझी सही आहे पहिल्या पानावर, 'आईस प्रेमपूर्वक', तेवढंच तू स्वतः लिहिलंस) बिस्त्रित्साला गेले, तिथून गावची बस, आणि शनिवारी चर्चमध्ये. फादर वेदीमागे होते. चित्रांच्या भिंतीपलीकडं बाईनं जायचं नाही, हा नियम मला ठाऊक आहे आणि मी तो मोडायला आले नव्हते. म्हणून मी बाजूच्या दाराशी उभी राहिले, ते आत कागद घेऊन, आणि आमची चर्चा उंबऱ्यावरून झाली. मी विचारलं, फादर, केटल हे माणसाचं नाव आहे असं आपल्याला कशावरून वाटलं? ते जराही ओशाळले नाहीत. "अगं बाई, या गावातली निम्मी पोरं परदेशात जन्मतात. यंदा उन्हाळ्यात मी एक ब्रँडन, दोन जेसिका आणि एक केव्हिन-आंद्रेई बाप्तिस्म्याला पाण्यात बुडवून काढले. मी म्हटलं, तुझ्या आईचा, सवेताचा, मुलगा इंग्लंडात आहे, तिकडं आता ही नावं निघाली असतील."

"एकशे चौसष्ट नातवंडं, फादर?"

"देव ज्याला देतो त्याला देतो."

ग्रिगोरेची बाजू त्याहून भक्कम होती. गावात मेलेल्या माणसाला खऱ्या नावानं कोण ओळखतं, हा त्याचा प्रश्न. "चमचा म्हणजे वरच्या आळीतला, जंगलात झाड अंगावर पडून गेला तो. बादलीला मी चांगला ओळखत होतो, देवमाणूस बाई होती. उशी कोण ते आठवलं नाही, पण मेलेल्यांची चौकशी करू नये." मी त्याला विचारलं की थर्मामीटर कोण होता. तो म्हणाला, सैन्यातला असावा.

मी यादी परत मागितली. मिळणार नाही. चाळीस दिवसांचा नेम सुरू झालेला कागद नेम पुरा होईपर्यंत वेदीवरून हलत नाही. मग निदान 'आजी' खोडा म्हटलं. ते नाही. "आलेलं नाव मी खोडत नाही, ते वरचा खोडतो." मग मी रकाने बदलायची सूचना केली: आजपासून उजवा रकाना जिवंतांचा धरा, डावा मृतांचा, आजी आपोआप जिवंत होईल. फादरना हे पटलं. पेन घेतलं. आणि मग मला आठवलं की रकाने बदलले तर डावीकडचा पहिला शब्द जरी केटल असला, तरी तिसऱ्या पानावर सगळ्यांत वर मी स्वतःच्या हातानं 'बेबी' लिहिला आहे. म्हणजे बाळ मृतांच्या बाजूला जाणार. माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही, दादा. तरी मी म्हटलं, "थांबा, लिहू नका." फादरनी वर बघितलं, पण काही विचारलं नाही. त्यांचं ते एक मला आवडलं.

शेवटी मी जे सुचवलं ते कुठल्याही पुस्तकात नाही, पण चालतं. दोन्ही रकान्यांवर एकच आडवी रेघ आणि वर एकच शब्द: 'जिवंत'. फादरनी दाढी कुरवाळली. मेलेल्याला चुकून जिवंत म्हटलं तर देव रागावत नाही, जिवंताला मेलेलं मात्र म्हणू नये, असं ठरलं. तेव्हा आता आजीसकट आपल्या घरचे तीनशे अठ्ठावीस जण जिवंत आहेत आणि त्या सर्वांना प्रत्येक प्रार्थनेला आरोग्य मिळतं. आपला खरा कागदही मी त्याच दिवशी दिला. बाबांचं नाव त्या आठवड्यात वाचलं गेलं नव्हतं. ते गेल्यापासून पहिल्यांदाच. आईनं त्याबद्दल मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

परिणाम कळवते. प्रार्थना बारा मिनिटांनी लांबली आहे (परवा पुन्हा जाऊन मी घड्याळ लावून बघितलं). चर्चमध्ये शेगडी नाही, लोकांचे पाय गारठतात, आणि गाव आपल्या घराण्यावर नाराज आहे. "तुमच्या भांड्याकुंड्यांना काय होणार आहे, निरोगीच असतात," असं पारास्कीवामावशी दुकानात सगळ्यांदेखत म्हणाली. ग्रिगोरेवर आईचा आता भरवसा नाही. तो चुकून जुन्या सवयीनं कुणाला मारेल म्हणून ती एकही प्रार्थना चुकवत नाही आणि ओठांनी त्याच्याबरोबर पूर्ण यादी म्हणते. त्यामुळं तिला एकशे चौसष्ट शब्द अर्थासह तोंडपाठ झाले आहेत. फक्त चालीसकट. 'नॅपी' ती शेवटचं अक्षर लांबवून, खाली उतरत म्हणते, आणि पाठोपाठ क्रूस करते. वहिनीला आधी कल्पना देऊन ठेव.

आई येते आहे. पण ठरल्याप्रमाणे चौदा तारखेला नाही. नाताळापर्यंत ती इथून हलणार नाही. नेम पुरा होऊन कागद हातात येईल, त्यानंतर. सत्तावीस डिसेंबरचं तिकीट कर. वहिनीची तारीख जानेवारीच्या मध्यावर आहे, म्हणजे पुरेसा अवधी आहे. मी मोजला आहे. जुनं तिकीट बदलून मिळत नाही असं मला सांगू नकोस, शब्दकोश विकून टाक.

वहिनीला माझा नमस्कार सांग. तिचं माझं काही भांडण नाही.

तुझी बहीण,
सोराना

ता. क. आई घरात आली की खिडकी आणि दार एका वेळी उघडं ठेवू नका. वाऱ्याच्या झोतानं माणूस मरतो, याबद्दल तिचं मत यादीबाहेरचं आहे आणि भाषांतर करून फरक पडत नाही.

ता. क. २. तिकीट परतीचं काढ. ईस्टरच्या आधीचं. तिला विचारून काढू नकोस, ती म्हणेल बघू नंतर. आणि हे मी सुचवलं असं सांगू नकोस. क्लुजहून गाव तीन तासांवर आहे, मी महिन्यातून एकदा जाते, घर बंद असलं तर मला निदान बसचे पैसे वाचतील, एवढाच माझ्या बाजूनं फरक आहे.

ता. क. ३. काल निघताना आईनं फाटकाशी मला आणखी एक वाक्य विचारलं, यादीत नव्हतं ते. वहिनीला सांगायचं आहे म्हणाली: 'तुम्हाला माझी गरज असेल तोवर मी राहीन.' मी तिला सांगितलं, इंग्रजीत असं म्हणता येत नाही. हे बरोबर नाही, मला माहीत आहे. एवढी एकच नोंद मी चुकीची दिली आहे. तू ती दुरुस्त करू नकोस.