बेलभंडार मी उचलला नाही

रहिमतपूर, गुरुवार, मार्च १९४४

विधवा हौसाकाकूंची विहीर पंचांनी आज त्यांच्या दिराला देऊन टाकली. ती काकूंच्या नवऱ्याने एकट्याने खणली, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. दिराने देवळात बेलभंडार उचलून धडधडीत खोटं सांगितलं. तळहाताला भंडाऱ्याची हळद तशीच.

पंच मला म्हणाले, "गुरुजी, तुमीबी उचला, मग ऐकू."

मी देव मानत नाही. मग त्याची शपथ कशी घेऊ? तीही लबाडीच ना? नुसतं खरं सांगितलं. कोण ऐकतंय! माझा हात तेवढा स्वच्छ राहिला.

बाहेर काकूंनी गाठलं. "आवं गुरुजी, देव न्हाई म्हंतासा, मग भ्यालासा कुणाला?"

उद्यापासून त्यांच्या वांग्यांना पाणी नाही. हात मात्र स्वच्छ आहे.