नागपूरला न पोचलेली टोपली

ऑक्टोबरचा दुसरा रविवार, श्रूजबरी

नानी,

सकाळी कपडे धुतले. मागच्या अंगणातली पानं गोळा करून कागदी पिशव्यांत भरली. इथल्या एका काकूंचा फोन आला, कोजागिरीला येतेस ना म्हणून. ड्राइव्ह करायचा कंटाळा आलाय असं सांगितलं. जेवण झालं आणि तुमच्या नातीचा फोन आला. ती आता तुमच्या बेटावरच्या शाळेत मुलांना टोपल्या विणायला शिकवते. तुम्ही आणि तुमच्या हाताखाली शिकलेल्यांनी केलेल्या टोपल्या कुठे कुठे गेल्या, त्यांचे फोटो ती गावच्या हॉलमध्ये लावणार आहे. म्हणाली, "आंटी, आजी सगळ्यांना सांगायची, आपल्या बेटावरची एक टोपली इंडियात आहे, एका आईच्या स्वयंपाकघरात. तुमच्या घरच्यांना तिचा फोटो काढायला सांगाल?" मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. ती टोपली या क्षणी माझ्या कपाटात, स्वेटरांच्या मागे आहे.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. मी अलास्कातल्या तुमच्या बेटावर आले ती दवाखान्यात फार्मसिस्ट म्हणून, एकटी. तुम्ही सांधेदुखीच्या गोळ्या न्यायला यायचात. एकदा मी ट्रेवर पाच-पाच गोळ्या सरकवत होते आणि तुम्ही माझ्या हातांकडे बघत राहिलात. "बोटं बरी आहेत तुझी," म्हणालात. "शनिवारी घरी ये. माझी संपत आलीत." गावात सगळे तुम्हाला नानी म्हणायचे. तुमच्या, तिथल्या मूळ लोकांच्या, हैडा भाषेतही आजीला नानीच म्हणतात हे मला त्या शनिवारी कळलं. मला एवढंसंच हसू आलं होतं, पण तुम्ही ते पाहिलंत आणि मला स्टूल पुढे केलंत.

मुळं काढायला आपण गेलो तो दिवस मला अजून स्पष्ट दिसतो. नदीच्या तोंडाशी वाळूत स्प्रूसची, देवदारासारखी उंच झाडं उभी आहेत. तुम्ही गुडघे टेकून हातानेच उकरताय. करंगळीएवढी जाड मुळं, चांगली साडीएवढी लांब, सरळ निघतात. मी एकाच झाडाचं तिसरं मूळ धरते तेव्हा तुम्ही माझ्या मनगटावर चापट मारता. "पुरे. त्याला अजून उभं राहायचंय." खड्डा बुजवल्याशिवाय तुम्ही मला उठू देत नाही. मग किनाऱ्यावरच्या विस्तवात मुळं भाजायची, चिरलेल्या काठीतून ओढून साल काढायची, घरी आणून उभी चिरायची, गुंडाळून वाळवायची. विणायच्या आधी पुन्हा भिजवायची. तुमच्या स्वयंपाकघराला त्या ओल्या, धुरकट मुळांचा वास असायचा. रेडिओवर समुद्राच्या हवामानाच्या बातम्या चालू असायच्या आणि तुम्ही त्यांच्याशी वाद घालायचात.

तुमच्याकडे टोपली उलटी विणतात. बूड वर, खुंटावर टेकवलेलं, आणि काम खाली खाली उतरत जातं. तोंड सगळ्यात शेवटी. माझी विणताना एका बाजूला कलायला लागली तेव्हा तुम्ही मान तिरपी करून बघितलंत. "पिऊन आलीय का ही?" मग लगेच, "चार ओळी उसव. आणि ओढू नकोस, मूळ आहे ते, दोरी नाही. गोळ्या मोजतेस तशी मोजत बसू नकोस." ती पूर्ण व्हायला अख्खा हिवाळा गेला. ओंजळीत मावेल एवढी झाली. तुम्ही ती फिरवून फिरवून बघितलीत आणि म्हणालात, "आता देऊन टाक. पहिली स्वतःकडे ठेवायची नसते." मी म्हटलं, "तुम्हीच घ्या." तुम्ही हात मागे घेतलेत. "शिकवणाऱ्याला दिली तर ती घरातच राहिली. लांब दे." मी म्हटलं, आईला पाठवते, नागपूरला. तुम्हाला ते फार आवडलं.

हे खरंच ठरवलं होतं. पेटीसुद्धा आणली होती. त्याच आठवड्यात भावाचा फोन आला, आईचं काही खरं नाही, लगेच निघ म्हणून. तीन दिवस धुकं होतं, छोटं विमान उतरेना, आणि मग भावाने सांगितलं की आता निघून उपयोग नाही, सगळं झालं. मी मागितलेली रजा कॅन्सल केली. कशासाठी हवी होती हे कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. शनिवारी नेहमीसारखी तुमच्याकडे येत राहिले. महिन्याभराने एकदा तुम्ही दातांत मूळ धरून चिरत होतात, तसंच विचारलंत, "पोचली का टोपली?" मी म्हटलं, "पोचली." "मग? काय म्हणाली आई?" माझ्या तोंडून निघून गेलं, "वाकडी आहे म्हणाली." तुम्ही इतक्या हसलात की दातातलं मूळ खाली पडलं. "हुशार बाई आहे," म्हणालात.

पुढच्या शनिवारी तुम्ही विचारलंत, काय ठेवते ती त्यात. मी लसूण म्हटलं. "लसूण! बरं करते. हवा खेळती राहते." मग नागपूरचा उन्हाळा किती तापतो हे कळल्यावर तुम्ही काळजीत पडलात. "तडकेल ना! तिला सांग, अधूनमधून ओला हात फिरव." मी सांगते म्हटलं. तुम्ही आईसाठी सॅल्मन मासा डब्यात भरून दिलात. ती शाकाहारी आहे म्हटल्यावर नाक मुरडून परत घेतलात आणि रानबेरीचा जॅम दिलात. तो मी माझ्या खोलीत पोळीला लावून खाल्ला, महिनाभर, दर वेळी थोडासाच. दीड वर्ष असं चाललं. मग तुम्ही आजारी पडलात, तुम्हाला शहरातल्या हॉस्पिटलात नेलं, आणि मी इकडे, देशाच्या दुसऱ्या टोकाला, नोकरी घेतली.

आज फोन झाल्यावर मी टोपली काढली. तिच्यात लसूण भरला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, मागे स्टीलचा डबा येईल असं बघितलं आणि फोटो काढला. फार चांगला आला. कुणीही म्हटलं असतं, नागपूर. भावाच्या घरचा आहे अशा दोन ओळी खाली लिहिल्या; पाठवायचं एवढंच राहिलं होतं. तासभर मी ते लिहिलेलं बघत बसले. पण तो फोटो ती ज्या मुलांना तुमचं काम शिकवते त्यांच्यासमोर लावणार होती. मग मी तो पुसला आणि तिला फोन लावला.

सगळं सांगितलं. आई तेव्हाच गेली होती हेही. ती म्हणाली, "आजीला एवढं सांगितलं असतंत तर ती तुमच्याबरोबर नुसती बसून राहिली असती." मी हो म्हटलं. तिने विचारलं, "मग आता कुणाला देणार, आंटी? पहिलीच आहे ना ती अजून." मी खूप विचार केला आणि एकही नाव आठवलं नाही. ती म्हणाली, घाई नाही.

टोपलीच्या मोहापायी मी ती ठेवून घेतली असं नाही, नानी. आई गेल्यावर तिची चौकशी करणारं तेवढं एकच घर होतं. तुम्ही "काय म्हणते आई?" विचारायचात आणि मला उत्तर द्यायला मिळायचं. तुमच्या बेटावर आज दुपारपर्यंत माझी आई जिवंत होती. ते मी माझ्या तोंडाने संपवलं. बरोबर केलं असं वाटतं, पण बरं वाटत नाही.

हे कुठे पाठवणार. अर्धी वाटी तांदूळ धुऊन कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांची वाट बघत उभी आहे.