नकाशातली शेवटची खोली

दादा,

जेवण फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे. कालचं तसंच राहिलं होतं. मी बेकरीत चालले. तू लॅबमधून येशील तेव्हा मी घरात नसेन, हे काही नवीन नाही.

एक सांगायचं आहे. आपलं वाजल्यापासून आठ दिवस तू आपल्या व्हिडिओ गेमला हात लावला नाहीस. फ्रिजवर लावलेल्या गेमच्या नकाशात तुझ्या हिरव्या पेनाची एक रेघसुद्धा वाढली नाही. मग काल रागाच्या भरात मी एकटीच गेममधल्या तळघरात उतरले आणि शेवटचा राक्षस मारला.

गेम मुद्दाम जुन्या धाटणीचा केलाय, त्याचा वैताग येतोच. चित्रं ठोकळ्यांची, संगीत तेच तेच, आणि गावातल्या धर्मशाळेत पोचल्याशिवाय सेव्ह होत नाही. पण त्यात वाट दाखवणारा बाण नाही, नकाशा आपणच काढायचा, हे मला फार आवडायचं. तू चार खोल्या काढून झोपायचास, मी उठून पुढच्या चार काढायचे.

राक्षस मेल्यावर गावात परतले, तर सगळे आपापल्या जागी उभे राहून तीच जुनी वाक्यं बोलत होते. जिंकले हे सांगायला कुणीच नव्हतं.

म्हणून मी राक्षस मारण्याआधीच्या जुन्या सेव्हवर परत गेले आहे. रविवारी मला सुट्टी आहे. नकाशातली शेवटची खोली पेन्सिलीनं काढली होती, ती खोडून टाकली. आत काय आहे ते तुला माहीत नाही. मलाही माहीत नाही, असं समज.

बारकी